भांडते म्हणून नको, वाचते म्हणून

दरवर्षी मुलांचं अकरावी-बारावीचं वर्ष सुरू झालं की मला फोन येऊ लागतात. कधी आमच्याच सोसायटीतून, कधी गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला झालेल्या ओळखीतून, कधी थेट बेळगावहून. सुरुवात बहुतेक वेळा सारखीच असते. "आमची मुलगी फार भांडते हो, कोणाला म्हणून बोलू देत नाही. तिला वकील करावं म्हणतोय. ते परदेशी कंपन्यांचे करारबिरार करतात ना, तसलं."

तुम्ही हे कौतुकाने सांगता, ते मला कळतं. पण या एका वाक्याच्या जोरावर तुम्ही तिची पाच वर्षं आणि तुमची बरीचशी पुंजी लावणार आहात. म्हणून आज त्याच वाक्याबद्दल थोडं मोकळेपणाने बोलू द्या.

मी गेली बावीस वर्षं बेंगळुरूत हेच काम करते. इथली कंपनी तिकडच्या कंपनीने विकत घ्यायची, तिकडचा पैसा इथे यायचा, इथलं सॉफ्टवेअर किंवा यंत्राचे भाग तिकडे जायचे; त्याचे कागद करायचे. या बावीस वर्षांत मी न्यायाधीशांपुढे उभी राहून एकदाही युक्तिवाद केलेला नाही. कब्बन पार्कच्या कडेला हायकोर्टाची ती लाल अट्टारा कचेरी आहे ना, तिच्यासमोरून मी रोज जाते, पण माझं काम तिच्या आत नसतं. आपल्याकडे ज्या कोर्टाच्या पायरीची धास्ती घेतात, त्या पायरीच्या अलीकडचं हे काम आहे. आणि भांडण्याच्या हौसेने इथे आलेली मुलं फार टिकलेली मी पाहिली नाहीत.

हे काम काय आहे ते मला कॉलेजात कळलं नाही. ते कळलं बाबांमुळे. बाबा चिकोडीच्या सब-रजिस्ट्रार कचेरीबाहेर दस्त लिहायचे. आम्ही राहायला निपाणीला. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची. एक लाकडी टेबल, अंगठ्यांसाठी शाईचा पॅड, शेजारी चहाची किटली. खरेदीखत लिहिताना बाबा सगळ्यात जास्त वेळ घालवायचे तो चतुःसीमेवर. पूर्वेस कोणाचं शेत, पश्चिमेस काय, दक्षिणेस काय. कोणी "पश्चिमेला ओढा" म्हणालं की बाबा लेखणी थांबवून विचारायचे, "ओढ्याचा अलीकडचा काठ, का पलीकडचा?" माणसं वैतागायची, कोणाची एस.टी. चुकायची. बाबा शांतपणे म्हणायचे, "आज तुम्ही दोघं एका बाकावर बसलाय, म्हणून आजच विचारून घेतो. उद्या तुमची मुलं बसतीलच असं नाही."

माझं काम नेमकं हेच. फक्त बाक खूप लांब झालाय. त्याचं एक टोक बेळंदूरला, दुसरं कॅलिफोर्नियात.

एखादी परदेशी कंपनी इथली कंपनी घेते म्हणजे काय होतं, ते आपल्या भाषेत सांगते. आधी टर्म शीट होते, म्हणजे तोंडी ठरलेलं कागदावर येतं. मग ड्यू डिलिजन्स. जमीन घेताना आपण उतारे काढतो, बोजा आहे का बघतो, सगळे वारस सही करणार ना याची खात्री करतो, तेच. फक्त इथे उताऱ्यांऐवजी हजारो कागद असतात: भाड्याचे करार, कामगारांची देणी, कोणत्या इंजिनिअरने लिहिलेला कोड नक्की कोणाच्या मालकीचा, कुठल्या जुन्या मित्राला दोन टक्के शेअर देऊ असं दहा वर्षांपूर्वी ई-मेलवर कबूल केलं होतं. असा विसरलेला मित्र म्हणजे आपल्याकडचा उताऱ्यावर नाव नसलेला वारस. ऐन वेळी उभा राहतो. त्यानंतर मुख्य करार, त्यावर दोन्हीकडच्या वकिलांच्या दहा-पंधरा फेऱ्या. सह्या. पैसे. आणि पैसे आल्यावर शेअर दिले की ठरलेल्या मुदतीत रिझर्व्ह बँकेकडे त्याची नोंद. चुकली तर दंडासकट निस्तरावं लागतं.

२०१८ च्या मे महिन्यात वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे सत्त्याहत्तर टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं, ते तुम्ही वाचलं असेल. कोरमंगलातून वाढलेली कंपनी. पण तिची मूळ कंपनी नोंदलेली होती सिंगापूरला. घेणारे अमेरिकेतल्या अर्कान्सासचे. विकणाऱ्यांत जपानचे होते, दक्षिण आफ्रिकेचे होते. इथल्या स्पर्धा आयोगाची परवानगी लागली. सिंगापूरच्या कंपनीचे शेअर परदेशातल्या परदेशात विकले तरी भारतात कर का द्यायचा, हा प्रश्न तर होताच. त्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. व्होडाफोनने २००७ मध्ये केमन बेटांवरची एक कंपनी घेऊन भारतातला टेलिफोनचा धंदा मिळवला. कराचं भांडण सुप्रीम कोर्टात गेलं, नागपूरच्या हरीश साळव्यांनी व्होडाफोनची बाजू मांडली, आणि जानेवारी २०१२ मध्ये कंपनी जिंकली. त्याच वर्षी सरकारने मागच्या तारखेपासून कायदा बदलला, आणि तो बदल मागे घेतला जायला २०२१ उजाडलं. साळव्यांचं नाव आपल्याला अभिमानाने ठाऊक असतं, आणि असावंच. पण केमन बेटांवरच्या त्या कंपनीचे कागद ज्यांनी रात्री जागून केले, त्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत. तुमची मुलगी त्या दुसऱ्या रांगेत असणार आहे. हे तिला आणि तुम्हाला चालणार आहे का, याचा विचार आधी करा.

आता मी मुलांना नेहमी सांगते ती गोष्ट. ती आपल्या याच शहरातली आहे.

अँट्रिक्स ही इस्रोची व्यापारी कंपनी, बेंगळुरूची. देवास मल्टिमीडियाही बेंगळुरूचीच, पण तिच्यात पैसा परदेशी. २८ जानेवारी २००५ रोजी दोघांत उपग्रहाच्या एस-बँड लहरींबद्दल करार झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने तो रद्द करायचा निर्णय घेतला. मग लवादाकडे जायची वेळ आली. करार उघडला. त्यात लिहिलं होतं की लवादाचं स्थान नवी दिल्ली, आणि कामकाज आयसीसीच्या, म्हणजे पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या नियमांनी चालेल, किंवा युन्सिट्रलच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या.

किंवा. कोणते नियम, ते कोणी ठरवायचं? लिहिलेलं नाही. देवास गेली आयसीसीकडे. अँट्रिक्स म्हणाली, युन्सिट्रल. मूळ भांडण बाजूला राहिलं आणि लवाद कोणता, याचंच भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. आयसीसीचाच लवाद चालेल, हा निकाल आला मे २०१३ मध्ये. सुमारे दोन वर्षं एका शब्दात गेली. पुढे २०१५ मध्ये त्या लवादाने अँट्रिक्सला ५६ कोटी २५ लाख डॉलर द्यायला सांगितले. मग आपल्या सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये, देवास ही कंपनीच फसवणुकीसाठी उभी केली गेली असा निष्कर्ष मान्य करून ती गुंडाळण्याचा आदेश कायम ठेवला. दिल्ली हायकोर्टाने लवादाचा तो निवाडा रद्द केला. आणि तरीही हे प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तिथला एक निकाल जून २०२५ चा आहे. कोण बरोबर, कोण चूक, ते कोर्टं बघतील. मी मुलांना फक्त तो 'किंवा' दाखवते. त्यावर बोट ठेवून थांबणारं मूल असेल, तर ते या कामाचं आहे.

माझ्या हातूनही असं झालंय. नोकरीचं पहिलंच वर्ष. पीनियाच्या एका कारखान्याचे भाग अमेरिकेला जायचे होते. माल पोचवण्याची तारीख मी आकड्यांत टाइप केली, ०५/०७. मला पाच जुलै म्हणायचं होतं. तिकडे आधी महिना लिहितात. त्यांनी सात मे वाचलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कराराचा भंग केल्याची नोटीस आली. कारखान्याचे मालक, साठीचे गृहस्थ, ऑफिसात आले. ओरडले नाहीत. कागद माझ्यापुढे ठेवून एवढंच म्हणाले, "मॅडम, आम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून तुमच्याकडे आलो होतो." पुढचे तीन आठवडे पत्रव्यवहार करून आम्ही ते सावरलं, पण ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. तेव्हापासून महिना मी अक्षरांनीच लिहिते, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी तेच शिकवते.

इंग्रजीवरून आठवलं. "आमचा मुलगा मराठी माध्यमाचा, त्याला जमेल का?" हा प्रश्न सीमाभागातले आणि पश्चिम महाराष्ट्रातले पालक हमखास विचारतात. मीही मराठी माध्यमाचीच. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा इंग्रजीतच होते, आणि तिचा बहुतेक पेपर उतारे वाचून उत्तरं देण्याचा असतो: दोन तासांत १२० प्रश्न, चुकलं तर पाव गुण वजा. तेव्हा इंग्रजी वाचनाला पर्याय नाही. पण त्यासाठी घरातली मराठी बंद करू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी रोज रात्री बाबांना फोन करून दिवसभरातलं एक कलम मराठीत समजावून सांगायची. त्यांना कळलं तर मला कळलंय. ते अडले, की दुसऱ्या दिवशी कलम पुन्हा वाचायचं. इंग्रजीत गुळगुळीत दिसणाऱ्या किती वाक्यांना आतून काही अर्थच नव्हता, ते मला त्या फोनवर उमगलं.

आता कॉलेज, पैसा वगैरे. नागरभावीचं नॅशनल लॉ स्कूल सगळ्यांना हवं असतं. माधव मेनन यांनी १९८८ मध्ये तिथे पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि देशातलं कायद्याचं शिक्षणच बदललं, हे खरं. बारावीनंतर पाच वर्षं, किंवा आधी पदवी घेऊन मग तीन वर्षं. आता लॉ स्कूलमध्ये तीन वर्षांचाही अभ्यासक्रम आहे. इंजिनिअर झालेल्या मुलाला उशिरा कायदा आवडला तर त्याचं काही बिघडलेलं नाही, उलट बेंगळुरूत तो जास्त उपयोगी. पण जागा थोड्या आणि मुलं हजारो. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. पुण्याचं आयएलएस आहे, जिथून गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड हे सरन्यायाधीश शिकून गेले. मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज १८५५ पासून आहे. बेळगावला आर. एल. लॉ कॉलेज आहे. क्लॅटमध्ये क्रमांक मागे गेला म्हणून वर्षभर घरात सुतक पाळू नका. फीची अडचण असेल तर शमनाद बशीर यांनी सुरू केलेली आयडीआयए ही संस्था गरीब घरांतल्या मुलांना क्लॅटसाठी तयार करते, पुढेही हात देते. तिची चौकशी करा. आणि पदवी हातात पडल्याबरोबर घर गहाण टाकून परदेशी एलएलएमला पाठवण्याची घाई मुळीच करू नका. दोन-तीन वर्षं काम करू द्या. कोणता विषय, कोणता देश, खरंच जायचं का, हे तिचं तिलाच तोवर कळेल.

पगार चांगला आहे. वकिलांच्या मोठ्या फर्ममध्ये पहिल्याच वर्षी इतका मिळतो की बाबांच्या अख्ख्या आयुष्याची कमाई त्यापुढे लहान दिसावी. त्याच वेळी कोर्टात कनिष्ठ म्हणून उमेदवारी करणाऱ्या मुलांना शहरात दरमहा निदान २०,००० रुपये द्यावेत, अशी नुसती शिफारस करायला बार कौन्सिलला ऑक्टोबर २०२४ उजाडावं लागलं. हा फरक अन्यायाचा आहे आणि तो मुलांनाही दिसतो. पण हा पैसा कशाचा मिळतो, ते नीट ऐका. इथे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजलेले असतात. तिकडचा माणूस कॉफी घेऊन ताजातवाना बसतो, आणि तुमची मुलगी सकाळपासून तोच करार वाचत असते. सौदा पुरा व्हायच्या आठवड्यात तर घरी फक्त अंघोळीला यायचं.

माझ्या हाताखाली एक मुलगा होता. हुशार, शांत, तुमच्या-आमच्यासारख्या घरातला. दोन वर्षांनी त्याने राजीनामा दिला. पुढे बऱ्याच दिवसांनी मला कळलं की त्यानंतर तीन महिने तो रोज सकाळी नऊला डबा घेऊन घरातून निघायचा आणि कब्बन पार्कमधल्या लायब्ररीत बसून संध्याकाळी परत जायचा. नोकरी सोडल्याचं घरी सांगायची त्याला हिंमत झाली नव्हती. वडिलांनी सगळ्या नातेवाइकांना त्याचा पगार सांगितला होता.

मी त्या वडिलांना दोष देत नाही. मलाही त्याचा ताण दिसला नव्हता, आणि मी तर रोज त्याच्या शेजारी बसत होते. पण तेव्हापासून प्रत्येक आई-वडिलांना हात जोडून सांगते: मुलांचा पगार चारचौघांत सांगू नका. रात्री अकराला फोन आला तर "एवढे पैसे देतात, मग करावंच लागणार" असं म्हणू नका; जेवलीस का, एवढंच विचारा. मुलीच्या बाबतीत तर चोविसावं लागलं की स्थळांची गडबड सुरू होते, आणि नेमकी तीच वर्षं तिची शिकण्याची असतात. "असल्या वेळांची नोकरी चालेल का" असं समोरच्यांनी विचारलं, तर तिच्या वतीने तुम्ही मान खाली घालू नका. आणि तिने "मला हे नको, मी कोर्टात जाते" किंवा "शिकवते" म्हटलं, तर तेही ऐका. डॉ. आंबेडकरांनी बॅरिस्टर होऊन आल्यावर १९२५ पासून काही वर्षं मुंबईत अकाउंटन्सीच्या विद्यार्थ्यांना व्यापारी कायदा शिकवला होता. कायद्याचं शिक्षण एकाच दाराने बाहेर पडत नाही.

काळ्या कोटाचंही सांगून टाकते, कारण आया त्याने हळव्या होतात. सनद मिळाली की घरात पेढे वाटले जातात, कोट घालून फोटो निघतो. पण मुलीने कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर तेवढा काळ तिला वकिली बंद ठेवावी लागते. बार कौन्सिलचा तसा नियमच आहे. बेंगळुरूत परदेशी कंपन्यांची एवढी कार्यालयं आहेत की पाच-सात वर्षांनी बरीच मुलं फर्म सोडून तिकडेच जातात, जरा माणसांसारख्या वेळा मिळतात म्हणून. तेव्हा "मग वकील कसली" असं म्हणू नका. माझ्या आईने म्हटलं होतं. बाबा म्हणाले, "माझ्याकडे कुठे कोट होता?"

यंत्रं हे काम खातील का, असं आता सगळेच विचारतात. पहिला मसुदा, शंभर करारांतून एक कलम शोधणं, हे यंत्र करू लागलंय आणि आणखी करेल. त्यामुळे नवशिक्यांची शिकण्याची जागा आकसते आहे, याची मला काळजी वाटते. पण ओढ्याचा कोणता काठ, हे विचारायला समोरच्या माणसाचं तोंड बघावं लागतं. विकणारा कुठल्या प्रश्नाला गप्प बसला, ते कुठल्याच कागदात नसतं.

तर मुलीला यात घालायचं का, हे कसं ओळखायचं? मी पालकांना एकच गोष्ट करायला सांगते. बेंगळुरूत भाड्याने राहत असाल तर तुमच्याकडे अकरा महिन्यांचा करार असेलच. अनामत भरभक्कम, घर सोडताना रंगाचे पैसे कापणार, वगैरे. आपण सगळे तो न वाचता सही करतो. रविवारी दुपारी तो मुलीच्या हातात द्या. काही सांगू नका. तासाभराने विचारा, काय वाटलं?

मागच्या महिन्यात आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या एका घरी मी हे करायला लावलं. मुलगी बारावीची. भांडखोर अजिबात नाही. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारी. तिने करार दोनदा वाचला, पेन्सिलीने दोन खुणा केल्या आणि आईला म्हणाली, "घर सोडायची नोटीस एक महिना आधी द्यायची लिहिलंय, पण ती तोंडी चालेल का लेखी, ते नाही. आणि अनामत रक्कम परत द्यायची आहे, पण किती दिवसांत, ते नाही."

आई म्हणाली, "अगं, घरमालक चांगले आहेत आपले. कधी त्रास दिलाय का त्यांनी?"

मुलगी क्षणभर थांबली. मग तिने विचारलं, "आणि त्यांनी हे घर विकलं तर?"